तांबडीचा सुधारित खुराक

९ जानेवारी
कंपनीने 'पुनर्रचना' केली आणि मला विश्रांती मिळाली. मी याला नोकरी जाणं म्हणत नाही. मावशीचा गुडघा धरलाय, तिच्या चार गायींकडे बघायला कुणीतरी हवंच होतं. सहा वर्षं प्रेशर गेज कॅलिब्रेट केलेत, चार गायी जड जाणार नाहीत.
कामाची पद्धत पाहिली. मावशी पेंड पातेल्याने मोजते. पातेल्याला पोचा आहे.

११ जानेवारी, सकाळी ७
डिजिटल काटा आणला. चौघींचे फोटो काढून तक्ता केला. तांबडी मार्चच्या सुरुवातीला विणार. बाजूने पाहिली तर पिंप दिसते. निष्कर्ष: लठ्ठ. मागच्या खेपेला वासरू मोठं होतं म्हणून अडली होती, दोन तास ओढावं लागलं, हे मावशीच सांगते. यंदा ती वेळ येऊ द्यायची नाही. तांबडीची पेंड अडीच किलोवरून नऊशे ग्रॅम. बाकी पोट कुरणात भरावं.
मावशी म्हणाली, अगं, ते पोट वासराचं आहे, तिचं नाही.
अनुभवाचा मला आदर आहे. पण अनुभवाला एकक नसतं.

१९ जानेवारी
सुधारणा दिसते. तांबडी बादली चाटूनपुसून रिकामी करते, पूर्वी तळाशी उरायचं. वाया जाणं शून्य. कुरणाच्या वरच्या टोकापर्यंत आता जात नाही, खालीच चरते. ऊर्जा वाचवते. बाकीच्या तिघींपेक्षा ही गाय समंजस आहे.
मावशीने खिडकीतून विचारलं, थोडी वाढवायची का? मी तिला ग्राफ दाखवला. ती म्हणाली, तू शिकलेली आहेस, तुला जास्त कळत असेल. 'असेल'वर जरा जोर होता. पण संमती ती संमती.

२७ जानेवारी
तांबडीचे केस थंडीने दाट झालेत. छान गुबगुबीत दिसते. वजन अजून उतरलेलं नाही, म्हणजे निर्णय बरोबरच होता. पेंड आठशे.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
तांबडी कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात बसली आहे. उठत नाही. मागचे पाय अर्धे उचलते आणि खाली येते. कान गार. ताप नाही, उलट ३७.४; गायीला साडेअडतीस हवं. थर्मामीटर कमी दाखवत असावा.
सकाळी ९: इंटरनेटवर वाचून निदान केलं: कॅल्शियम कमी. औषधाच्या दुकानातून बाटली आणून कातडीखाली दिली. एका अंगावर कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना गवताची पोती लावली. दर तीन तासांनी कूस बदलायची. तक्ता कुंपणाला टांगला.
गुरांच्या डॉक्टरांना आजच बोलावण्यात अर्थ नाही. अर्धवट माहितीवर कुणाचाही वेळ घेऊ नये.
दुपारी ४: भूक उत्तम. पुढ्यात ठेवलं ते सगळं संपवलं, पोत्याचं गवतही ओढून खाल्लं. फारच आशादायक लक्षण.

५ फेब्रुवारी, सकाळी ११
शेजारचे सुतारकाका फळ्या आणि पट्टे घेऊन आले. पोटाखालून पट्टा घातला, चार वेळा उचललं. एकदा अकरा सेकंद उभी राहिली. कालच्यापेक्षा अकराने जास्त.
काका घाम पुसत म्हणाले, यापेक्षा जड कपाटं जिन्यावरून चढवलीत मॅडम, पण कपाटाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मग म्हणाले, डॉक्टरला फोन लावा. पहिल्यांदा तो खाणं विचारील, ते नीट सांगा म्हणजे झालं.
अठ्ठेचाळीस तासांचा डेटा हाती आला की फोन करणार होतेच. त्यांच्या वाक्याचा आणि मी आज फोन न करण्याचा संबंध नाही.
मावशीला सांगितलं, तांबडी आराम करतेय.

६ फेब्रुवारी, सकाळी १०
फोनची रेंज नव्हती. म्हणजे घरात होती, कुरणात नव्हती, आणि मी बहुतेक वेळ कुरणात होते.
मावशी काठी टेकत उतरणीवरून खाली आली. गुडघ्याच्या डॉक्टरांनी तिला पायऱ्याही चढू नको म्हटलंय, हे मी निदर्शनास आणलं. तिने लक्ष दिलं नाही. तांबडीच्या शेजारी जमिनीवर बसली, केसांत बोटं घालून पाठीवरून हात फिरवला. हात बरगड्यांवर आला आणि थांबला. मग माझा फोन मागितला.

दुपारी २.१५
डॉक्टर आले. रक्त तपासलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली. म्हणाले, हिला आजार काही नाही. उपाशी आहे. आतलं वासरू तिचं मांस खातंय.
विचारलं, खायला कोण घालतं?
मी तक्ता उघडत होते. मावशी म्हणाली, मीच. गुडघ्यापायी लक्ष राहिलं नाही.
डॉक्टर तिला फार लागेल असं बोलले. इतकी वर्षं गायी पाळता आजी, बरगड्या हाताला लागल्या नाहीत? पहिल्या दिवशी बोलावलं असतं तरी काही करता आलं असतं. सुतारकाका तिथेच उभे होते. मावशी मान खाली घालून हो हो म्हणत होती.
डॉक्टरांना मिळालेली माहिती चुकीची होती. पण ते सलाईन लावत होते, मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं.
लॅपटॉप बंद केला.

७ फेब्रुवारी, सकाळी ६
पोती जागच्या जागी होती. पुढ्यात अर्धी पेंड उरली होती. खुराक बदलल्यापासून तिने पहिल्यांदाच काही उरवलं.
डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं. कालवड होती. लहान. अडली नसती.

९ फेब्रुवारी, सकाळी ८
सुतारकाका आपले पट्टे न्यायला आले. ओसरीत बसून मला म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही तीन दिवस जिवाचं रान केलंत, मी बघितलंय. म्हाताऱ्या माणसाच्या हाती जनावर देऊ नये, हेच खरं. त्यांना आता दिसत नाही, कळत नाही. उरलेल्या तिघींचं तुम्हीच बघा.
मी म्हटलं, बघते.
मावशी दारात उभी होती, हातात दोन कप. एक काकांना दिला. दुसरा माझ्यासमोर धरला. मी घेतला.