नाई उतरत

मामाजी,
आज पाया पडत नाही, साधाच नमस्कार करते.

सकाळी सेलू रोड स्टेशनवर तुम्ही गाडीच्या खिडकीचे गज धरून ओरडलात, "वर्षाली, उतर खाली! काऊन जाते रोज नागपूरले? सून घरातच पाह्यजे मले." तुमचे चिरंजीव शेजारी उभे राहून मोबाइल पाहत होते. मी म्हटलं, "नाई उतरत, मामाजी." गाडी हलली, तेव्हा तुम्हाला गज सोडावे लागले. दवाखान्यात दिवसभर पेशंटना सलाइन लावलं. एकाही शिरेत सुई दुसऱ्यांदा टोचावी लागली नाही.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. घरी येऊन तोंडानंच सांगीन, की नोकरी सोडणार नाही आणि घरही सोडणार नाही. दार लावून घेतलंत तर उघडेपर्यंत कडी वाजवीन. सगळ्या मोहल्ल्याला ऐकू गेलं तरी चालेल.

तुमची सून,
वर्षाली