छातीवरचं आडनाव

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि परवा मी तुमच्या जुन्या पोलीस ठाण्याची पायरी चढलो. तिच्यासाठी गेलतो, खोटं कशाला बोलू. कॉलेज मधेच सोडलं तेही थोडंफार तिच्यापायीच. तुम्ही असता तर पट्टा निघाला असता. वडवणीच्या बाजारात दोन गटांत दगडफेक झाली, त्यात तिच्या अब्बांचा, म्हणजे चाचांचा, केळीचा गाडा कुणीतरी उलटवला, मोडला. चाचा फिर्याद द्यायला तयार नव्हते. मीच हाताला धरून नेलं. वाटलं, एवढं काम करून दिलं तर ती निदान फोन तरी उचलेल.

टेबलामागचा पोलीस माझ्याच वयाचा. चाचा त्याच्या छातीकडं बघत उभे. हल्ली आपल्याकडं पोलिसांच्या नेमप्लेटवर नुसतं नाव असतं, जात कळू नये म्हणून आडनाव काढून टाकलंय. चाचांनी हळूच विचारलं, "साहेब, आडनाव?" तो म्हणाला, "ते आता नसतं, चाचा. तुमी सांगा, मी लिहितो." मग चाचांनी त्याचं गाव विचारलं, मग गावातली गल्ली. तो नुसता पेन उघडं धरून बसला. चाचा मागं फिरलेच.

बाहेर माझं डोकं फिरलं. आडनावाशी काय करायचंय तुम्हाला, म्हणून भर रस्त्यात ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "कुणाचा हाय ते कळल्याशिवाय सांगू कसं, बेटा? तुझ्या अप्पाच्या छातीवर आडनाव होतं. आमी कधी वाचलं न्हाई."

मेलेल्या माणसाबद्दल लोक गोडच बोलतात. मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. बंदोबस्तावरून तुम्ही आलाय, भुवईवर दगड लागलाय, आई हळद दाबतेय. एका गल्लीनं तुम्हाला गद्दार म्हटलंय, दुसरीनं जातीवर गेला म्हणून शिव्या दिल्यात. मी विचारतो, तुम्ही कुणाच्या बाजूनं होता? आई डोळे वटारते. तुम्ही म्हणता, "त्यांना पोलीस नको असतो रे. आपला माणूस पाहिजे असतो." आणि भाकरी मागता.

फिर्याद झाली नाही. गाडा अजून आडवाच पडलाय, तिचा फोन लागत नाही.

हे कुठं पाठवणार. एक तेवढं सांगायचं राहिलं. ठाण्यात जाताना आईच्या पेटीतली तुमची पितळी नेमप्लेट मी खिशात घालून नेली होती, आडनावासकट. काम अडलंच तर काढून दाखवायची, असं ठरवून.