वाऱ्याने नेलेले तीन वाटे

प्रिय थुंडुप,

एकोणीस वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही खताकात, मानाच्या उपरण्यात गुंडाळून. रेशीम चांगलं आहे. तराजूवर धूळ बसू नये म्हणून सध्या त्याच्यावर पांघरलंय.

तू लिहितोस, या वर्षी याकखडक पार वशिंडापर्यंत बर्फात बुडाला होता, तरी ओढा रोडावलाय आणि लोक पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या चुरपोनला, म्हणजे तुला, चोर म्हणतायत. म्हणणारच. आपल्या गावाची ही जुनी खोड. खडक किती बुडाला ते बघून सातूची स्वप्नं बघायची, आणि पाणी कमी आलं की पाळ्या लावणाऱ्याच्या मानगुटीवर बसायचं. माझे आबा चुरपोन होते तेव्हा त्या मानगुटीवर पहिला तू बसलास. भर सभेत म्हणालास, "अहो म्हातारबा, बर्फ पडला दहा वाटे, पाणी आलं सात. तीन वाटे पलीकडच्या गावाला पाजलेत ना?" आपलं लग्न ठरलेलं, ते तुझे होणारे सासरे, म्हणून 'अहो' म्हणालास. आबा चोर ठरले, तू चुरपोन झालास, लग्न आपोआपच बारगळलं. आबा गेले तेव्हा आपल्या फसपुनातलं, एका कुलदैवताच्या त्या आठ घरांतलं, कुणीही खांदा द्यायला आलं नाही. पलीकडच्या गावचे दोन मेंढपाळ आले. उरलेले दोन खांदे माझा आणि आमाचा.

विद्यापीठाच्या माणसांनी मला खिंडीतल्या ठाण्यावर ठेवलं, तेव्हा आमा म्हणाली, "बर्फ जोखायला पगार? उद्या वारा जोखायला ठेवतील." तेच तर काम होतं. परातीत बर्फ भरायचा, सकाळी तोलायचा, परात काठापर्यंत बर्फात पुरायची, संध्याकाळी काढून परत तोलायची. परात हलकी भरते आणि आत पाण्याचा थेंब नसतो. पहिल्या दिवशी मी परातीला भोक पडलंय का ते शोधत बसले. भोक नव्हतं. आपल्या कोरड्या वाऱ्यात, उन्हात, बर्फ वितळायची वाटच बघत नाही, सरळ हवेत जातो. चार हिवाळे तोलला. दहातले तीन वाटे, दर वर्षी, किंचित इकडे तिकडे. तीन, थुंडुप. आबांनी चोरलेले तीन.

म्हणून तर तुला माझी आठवण झाली. "सभेत येऊन एवढंच सांग, वाऱ्याने नेलं." सांगते की. पण तुझं पत्र आल्यावर मी महिनाभर ओढाही मोजला. वरच्या पुलाखाली सात वाटे येतात. गावात पोचतात पाच. मधे इमारत एकच, तुझं गेस्टहाऊस, जिथे पाहुण्यांना टबात डुंबायची सोय आहे असं पाटीवरच लिहिलंय. वारा पुष्कळ काही करतो, पण चादरी धूत नाही.

उद्या सभेला परात, तराजू, वही सगळं घेऊन येतेय. आता घाईने नळ तोडू नकोस, मापं लिहून झालीत. हे पत्र एवढ्याचसाठी की आबांना कुणी आधी कळवलं नव्हतं. ते बिचारे नवा गोंचा घालून हसत सभेला गेले होते. तुला मी एक दिवस देतेय. तुझा खताकही आणीन. तो आधी तू आमाच्या गळ्यात घालायचा, आबांचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत. मग मी वही उघडेन. तीन वाटे वाऱ्याचे आणि दोन तुझे, दोन्ही वाचेन. त्यानंतर फसपुन तुझ्या दारी खांदा द्यायला येईल न येईल. पलीकडचे मेंढपाळ मात्र भले आहेत. त्यांना तुझं घर दाखवून ठेवलंय.

तुझीच होता होता वाचलेली,
कुन्झेस