पोळ्याच्या रंगाखालची सायकल

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

हेमकांत म्हणजे कहर आहे! सकाळी सकाळी फोन – "रंजू, शेड खाली करी ऱ्हायनू. नानानी सायकल भंगारवालाले दी टाकस." विचारत नव्हता, सांगत होता. थोरला भाऊ ना! मी म्हटलं, हात लावून तर बघ. आणि शिकवून झाल्यावर शाळेतून परस्पर गावी गेले.

काल पोळा झाला. नाना – आमचे वडील – जाऊन वर्षही झालं नाही, म्हणून यंदा सण नाही. बैल तर कधीच विकले, ट्रॅक्टर आहे. पण नाना दर पोळ्याला बैलांच्या शिंगांच्या रंगाने ही सायकल रंगवायचे. हिंगूळ, हिरवा, निळा – दुकानात जो मिळेल तो. हँडलला बेगड. मग तिला नैवेद्यही! आम्ही हसायचो. काल पहिल्यांदाच ती न रंगवता राहिली, आणि आज तिचा निकाल लागणार होता.

छोट्या टेम्पोत टाकून शहाद्याला आणली. यांनी – भूपेशने – दारातच विचारलं, "आता घोडाही आणायचा का? सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा फार लांब नाही."

२४ ऑगस्ट

रविवार. दिवसभर खरवडकाम. हिंगुळाखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, त्याखाली परत हिंगूळ. नखांची वाट लागली.

एकच लिहिते, कारण बोलता येत नाही. मी आठवीत होते तेव्हा सारंगखेड्याच्या जत्रेत एक गोरा पाहुणा आला होता, घोड्यांचे फोटो काढायला. देशोदेशी सायकलवर फिरणारा. त्याची सायकल तापीकाठावरून चोरीला गेली. पोलीस गावोगाव फिरले. आणि त्याच आठवड्यात नाना ही घेऊन आले – वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची. "जत्रामा भेटनी." बस, एवढंच. पुढे कधीच काही बोलले नाहीत. स्वतः बसले नाहीत, कुणाला बसू दिलं नाही. पुढच्या पोळ्याला रंग फासला.

आता, नाना असले शौक करणारे नव्हेत. शाळेचा ड्रेस शिवायला टाकताना शिंप्याला कायम एकच – "वाढता आंगनं शिव." मी दहावीपर्यंत पिशवीत फिरले! असा माणूस शर्यतीची सायकल कशाला घेईल?

गावात कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण मायने तेव्हापासून जत्रेत पाय ठेवलेला नाही. दत्ताच्या दर्शनालासुद्धा नाही. विचारलं की गुडघे दुखतात म्हणते. शेतात जाताना बरे दुखत नाहीत!

२७ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी. आज पिवळा रंग संपला. खाली काय आहे त्याची भीती वाटते, तरी हात थांबत नाही.

३१ ऑगस्ट

भटूच्या दुकानात नेली. भटू म्हणजे शहाद्यात सायकलीतला शेवटचा शब्द – असं तो स्वतः म्हणतो. चष्मा वर करून एक चक्कर मारली, पाइप बोटाने वाजवला. "ताई, फॉरेननी शे! असा पाइप आपला आठे व्हतच नही."

म्हणजे त्या गोऱ्याचीच?

मग म्हणाला, दोन दिवसांत पळवून दाखवतो. आपल्या नेहमीच्या सायकलीचा टायर चढवायला गेला – चढेना. कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा मधल्या एक्सलला अडकवून ठेवणारी खीळ, ती हातोड्याने काढायला गेला – तिचं डोकं चेपलं. घाम पुसत म्हणाला, "सायकलमाच खोट शे." मी सायकल परत घेतली. हातोडा दिसला की माझं डोकं फिरतं.

७ सप्टेंबर

गावी गेले होते. मायला सांगितलं नव्हतं, पण हेमकांतच्या पोटात काही राहतं का? माय चुलीपुढे बसून होती. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता – "रंजू, कसाले खरवडस? झाकेल शे ते झाकेल ऱ्हाऊ दे."

म्हटलं, माय, तुला काय वाटतं, नानांनी चोरली?

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग – "त्यासनी कोनाच शेतमातलं कणीस लिधं नही कधी. पन मी ईचारं ना, की अन्ननी आन ल्या... खरं सांगा... तं उठी गयात पानवरथाईन." इतकी वर्षं ती हे एकटीने बाळगून आहे. जेवणावरून उठणारे नाना मी कधी पाहिलेच नाहीत.

ठरलं. आता काय ते कळलंच पाहिजे. गोऱ्याची निघाली तर निघाली. निदान मायला "कदाचित" घेऊन मरायला नको.

९ सप्टेंबर

नाशिकची स्वप्नाली सापडली. दातांची डॉक्टर आहे, आणि जुन्या सायकलींचं वेड. शाळेतल्या पीटीच्या सरांकडून नंबर मिळाला. मी घाबरत दोन फोटो पाठवले, तिने उलट बारा प्रश्न पाठवले! चाकाचा व्यास किती, मागे गियरच्या दातऱ्या किती, सायकल उलटी करून पायडलच्या नळीखाली नंबर आहे का.

आहे! रंग खरवडल्यावर निघाला – ३१, मग जरा जागा, मग ९४. आकडे वेडेवाकडे. ४ तर कलंडलाच आहे.

चौऱ्याण्णव. तेच साल. जत्रेचं.

१४ सप्टेंबर

काय लिहू! कुठून सुरुवात करू!

स्वप्नालीने व्हिडिओ कॉल लावला. म्हणाली, ताई, पुढच्या चेनच्या चाकाचे दात दाखवा. जवळून. अजून जवळून. मग ब्रेकचे रबर. मग मागच्या दातऱ्या. आणि हसायलाच लागली. "अहो, ही सायकल चाललेलीच नाही! दातांवर चेनची खूण नाही. रबर कडक झालेत, पण झिजलेले नाहीत. जगभर फिरलेल्या सायकलीचे दात असे नसतात. दातांचं मला सांगू नका."

म्हणजे गोऱ्याची नाही. नाहीच! मी तिथेच फरशीवर बसले. भूपेश चहा घेऊन आला, त्याला वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, नाही रे, तीस वर्षांनी नीट श्वास घेतला.

मायला लगेच सांगणार नाही. मग कुणाची, हे ती विचारणारच. उत्तर हातात घेऊनच जाईन.

आणखी एक. रंगाखाली एक कण गंज नाही. गेली तीस वर्षं दर पोळ्याला रंग – आम्ही वेडेपणा म्हणून हसलो, आणि लोखंड जसंच्या तसं राहिलं.

२१ सप्टेंबर

सुट्या भागांची जुळवाजुळव. टायरचं माप हल्ली सहजासहजी मिळत नाही. नंदुरबारला नाही, धुळ्याला नाही. धुळ्याचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, नवीन सायकल घ्या, ईएमआयवर देतो." पुढच्या चाकाच्या चिमट्यातले छर्रे मात्र भटूकडेच मिळाले. डबीतून मोजून देताना मोठेपणाने म्हणाला, "काय लागेल तं सांगज्या." राग गेला माझा.

२ ऑक्टोबर

दसरा, गावी. शस्त्रपूजेत ट्रॅक्टरशेजारी मी नेलेला सायकलचा सांगाडा! हेमकांतने कुंकू लावलं, गुपचूप. मी बघितलं.

१२ ऑक्टोबर

स्वप्नालीने टायर पाठवले, कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरचे. पार्सल सोडलं तर रबराचा वास घरभर. भूपेशने स्वतः चढवले. हा माणूस घरातला बल्बसुद्धा बदलत नाही!

कॉटर पिन तिने घासून बनवून घेतली. गियर ओढायचा दांडा मात्र नाहीच. कधी बसवलेलाच नव्हता, फक्त भोक आहे.

स्वप्नालीने विचारलं, "तुमचे वडील बुटके होते का? फ्रेम फारच लहान आहे." नाना? दारातून वाकून यायचे. आमच्याकडे चौकटीला नारळाची शेंडी बांधलेली होती, त्यांचं डोकं आपटू नये म्हणून. मिळाली तशी घेतली असणार, मी म्हटलं. कुणाकडून, तो प्रश्न आहेच.

२६ ऑक्टोबर

दिवाळी यंदा फराळापुरतीच. भाऊबीजेला हेमकांत आला होता, सायकल बघून डोळे चमकले. "मन्हासाठी लयेल व्हई!" बसला, तर गुडघे हँडलला. उतरून म्हणाला, हिच्यात खोट आहे. त्याची आणि भटूची गाठ घालून दिली पाहिजे.

मला म्हणाला, तू बस. मी म्हटलं, राहू दे. सातवीत तालुक्याच्या शर्यतीत पहिली आले होते मी, हेडमास्तरांच्या मुलाच्या सायकलवर. आठवीत आजोबांनी सांगितलं, "पोर मोठी व्हयनी, आते सायकल बंद." त्यांच्यापुढे नानांचंही काही चालायचं नाही. तेव्हापासून स्कूटी येईपर्यंत मी चालतच राहिले.

१६ नोव्हेंबर

बनवणारा सापडला!! पाइप जिथे जोडलेत ना, त्या सांध्यांवर एक छोटंसं पान कोरलेलं आहे. पिंपळपान. सगळा रंग गेल्यावर दिसलं. स्वप्नालीने तिच्या ग्रुपवर फोटो टाकला. पुण्याच्या एका म्हाताऱ्या शर्यतवाल्याने तासाभरात लिहिलं – हे पान दगा मिस्त्रीचं. परदेशी पाइप आणून इथे पुण्यात फ्रेम बनवायचा. प्रत्येकाच्या मापाची, एकेक. माणूस मूळचा तळोद्याकडचा.

तळोद्याकडचा! म्हणजे आपल्याकडचा! आणि आम्ही पृथ्वीप्रदक्षिणा करून आलो.

२३ नोव्हेंबर

पुण्याला फोन लावला. मिस्त्रींच्या सूनबाई बोलल्या, रमिलाबाई. मिस्त्रींना ऐकू येत नाही. मी नंबर सांगितला, त्यांनी तो मोठ्याने ओरडून त्यांना सांगितला. मागून म्हाताऱ्याचा आवाज, एका क्षणात – "एकतीस? ती तं रतिलालनी! मी बनाडेल शे!" रतिलाल म्हणजे आमचे नाना!

रमिलाबाई म्हणाल्या, मामांना दम लागतो, पण म्हणतात, रतिलाल स्वतः येऊन ऑर्डर देऊन गेला होता, मग मार्गशीर्षात घेऊन गेला. एसटीच्या टपावर बांधून. सगळा व्यवहार चोख. "मामा विचारतात, रतिलाल कसा आहे?"

सांगितलं. नाना आता नाहीत. मग रमिलाबाई म्हणाल्या, "ते रडताहेत. नंतर बोलतील तुमच्याशी."

रिक्षा करून थेट गावी गेले. मायला सांगितलं – चोरीची नाही. विकत घेतलेलीसुद्धा नाही, बनवून घेतलेली आहे, नानांनी, हिशेबाने. तिने ऐकलं. पदर तोंडाला लावला. म्हटलं, माय, रडू नको. तर म्हणाली, "रडत नही शे व. हासू उनं." आणि खरंच हसत होती, डोळ्यांतून पाणी. मग एकदम नानांवरच चिडली – फोटोसमोर उभी राहून! "मंग सांगनं व्हतं ना माले! तोंडमा काय घुगऱ्या व्हत्यात?"

किती हलकं वाटलं. हेमकांतने भंगारवाल्याचा विषय काढला नाही.

४ डिसेंबर

दत्तजयंती. माय जत्रेला आली! नवीन लुगडं, आमच्या पुढे चालत. दत्ताचं दर्शन घेतलं, मग घोडे बघितले. एका पांढऱ्या घोडीपुढे उभी राहून मालकाला ऐटीत विचारलं, "कितला वरीसनी शे?" ओळखीच्या बाया भेटल्या. दगूबाई म्हणाली, "भिकुबाई, गुडघा बरा व्हयनात का?" माय म्हणाली, "बरा व्हयनात."

गुळाची जिलेबी खाल्ली. परत येताना गाडीत झोपली, माझ्या खांद्यावर.

नाना का बोलले नाहीत, ते मात्र कळलं नाही. राहू दे. चोरी नव्हती, एवढं पुरे आहे मला.

७ डिसेंबर

सकाळी दगा मिस्त्रींचा स्वतःचा फोन. ऐकू येत नाही, म्हणून तेच बोलत होते. मी फक्त "हो, हो" ओरडत होते. रतिलाल ऑर्डर द्यायला आला तेव्हा खिशात सुतळी होती म्हणे, गाठ मारलेली. "मन्ही आंडेरना पायनं माप शे. शर्यतमा पयली उनी ती." आंडेर, म्हणजे लेक – मीच. ती सुतळी मला आठवते. सलवारचं माप घेतो, म्हणाले होते.

मिस्त्री त्या मापाने पाइप कापायला निघाले, तर नानांनी हात धरला – "दगा, वाढता आंगनी बनाव."

नाना सायकल घेऊन आले, तोवर आजोबांनी माझी सायकल बंद केलेली होती.

मागच्या अंगणात गेले. ओढणी कमरेला बांधली. बसले. पाय पायडलला बरोबर पोचले. सीट वर नको, खाली नको. रडू आवरेना, आणि उतरवतही नव्हतं.