दोन कोरे चौकोन

४ मार्च

गोल चकती काढायची म्हणे! बाउरो साहेबांना चकत्यांचं वेडच लागलंय. राजधानीहून, तारावाहून, नवा संगणक आला, बटण दाबलं की रंगीत चकती तयार. मी म्हटलं, "साहेब, चकतीत वाटे दिसतात, माणसं दिसत नाहीत. बुडालेल्या माणसांचे काय केकसारखे तुकडे करायचे?" ते म्हणाले, "बरं बाई रुइता, तूच काढ. या मच्छीमार कचेरीत तू माझ्या आधीपासून आहेस."

बोटीत न्यायच्या मुठीएवढ्या पेट्या आल्यात. कळ दाबली की बोट कुठे आहे ते आकाशातून कळतं. पण एका गावाला पुरतील एवढ्याच आल्यात. बाकीच्या पुढच्या जहाजानं, म्हणजे कधी ते देवाला ठाऊक. गेल्या पाच वर्षांत ज्या गावाची जास्त माणसं समुद्रानं नेली, त्या गावाला आधी द्यायच्या, असं म्हाताऱ्यांनी ठरवलंय. ते दाखवणारा तक्ता मी करायचा.

आमच्या गावाला मिळायला हव्यात. शेजारच्या मकुरिताचा धाकटा रोज समुद्रावर जातो. अजूनही जातो. खायचं तर जायलाच हवं.

६ मार्च

साहेबांनी आज ठिपके जोडून रेघ काढली. गावागावातून वरखाली जाणारी. मी पुसून टाकली. रेघ जोडायची ती महिन्यांची, वर्षांची. एका गावातून दुसऱ्या गावात काय वाढत जातं?

शेवटी खांब घेतले. सहा गावं, सहा खांब. वस्ती सगळीकडे सारखीच, त्यामुळे नुसता आकडा चालेल. पण सलग खांबही नको वाटला. एका माणसाला एक चौकोन, एकावर एक रचलेले. चौकोन कोळशानं भरायचा. निदान कुणीतरी एक होता एवढं तरी दिसेल.

९ मार्च

उत्तरेकडच्या गावाचे पाच काळे चौकोन. बाकीच्यांचे दोन-तीन. आमचे चार.

आणि आमच्याच खांबावर दोन कोरे.

हे दोन असे का, म्हणून साहेबांनी विचारलं नाही. त्यांना माहीत आहे. जानेवारीत माझा पोरगा योतेबा आणि मकुरिताचा थोरला बिरिबो ट्यूनासाठी गेले ते आले नाहीत. बोटही नाही, फळीही नाही. जो मिळाला नाही तो मेला असं आमच्यात कुणी म्हणत नाही. मकुरिताचा सख्खा मामा चार महिने वाहत जाऊन परत आला होता, दाढी छातीपर्यंत वाढलेली. आल्या आल्या म्हणाला, चहा टाका.

माझा नवरा नाबुरा अजून रोज दोन्ही वेळा योतेबाच्या माडावर चढतो. सकाळ-संध्याकाळ फुलोऱ्याची पोय कापली नाही तर तिच्यातून गळणारी माडी थांबते. "पोरगं आल्यावर त्याला पहिल्यापासून बांधायला नको," म्हणतो. बाप आहे.

१२ मार्च

घात केला मी! इतकी वर्षं मानेआबात, बेटाच्या सभाघरात, बसतेय, तरी घात केला.

तक्ता घेऊन गेले. छपराखाली सगळी गावं आपापल्या जागी बसलेली. घाईत पुढचाच खांब धरला आणि त्यावर तक्ता टांगला. मग तबोकाई, उत्तरेकडच्या गावचे म्हातारे, हळूच म्हणाले, "पोरी, हा खांब आमच्या बैठकीचा. आजोबांपासून आमचा. अख्ख्या बेटाची मेलेली माणसं आमच्या खांबाला बांधतेस?"

कुणाच्या खांबाला काय लागलं ते त्या घराचं होतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. मी भुईवर बसून माफी मागितली. तबोकाई रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाले, "ज्याची माणसं त्याच्या खांबाला. शनिवारी ये."

१३ मार्च

तक्ता कापला. सहा पट्ट्या केल्या.

पण पट्ट्या वेगवेगळ्या खांबांवर गेल्या तर उंची कशी कळणार? एकानं वर टांगली, एकानं खाली, मग लहानही मोठी दिसेल. सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणाहून हवी, नाहीतर तक्ता खोटं बोलतो. साहेब म्हणाले, आकडे वाचून दाखव. आकडे वाचून काय होतंय? आकडा या कानातून त्या कानात जातो.

नाबुरा काथ्याची दोरी वळत होता. त्याला म्हटलं, लांब वळ. सगळ्या खांबांना फिरवून बांधायचीय. त्यानं कशाला ते विचारलं नाही.

१५ मार्च

दोरी बांधली. बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, सगळ्या खांबांवरून एकसारखी. प्रत्येक गावाच्या म्हाताऱ्यानं आपली पट्टी स्वतः लावली, खालचा काठ दोरीला टेकवून. मग आपोआप दिसलं. कुणाला काही समजवावं लागलं नाही. बायका आपापल्या पट्टीकडे बघून बोटांनी मोजत होत्या आणि नावं घेत होत्या. मला वाटलं होतं, कुणी तरी रडेल. रडलं कुणी नाही.

मग तबोकाईंनी आमच्या खांबाकडे बोट केलं. "हे वरचे दोन कोरे कोण? जिवंत धरायचे की गेलेले?"

सगळे माझ्याकडे आणि मकुरिताकडे बघत होते.

"कोरा मोजता येत नाही," ते म्हणाले. "आमचे पाच, तुमचे चार. पण मी हट्ट करत नाही. तुमची पोरं आहेत, तुम्ही सांगा."

मी उठले. खिशात कोळसा होता. खालचा चौकोन भरला. कोळसा रेघेबाहेर गेला. योतेबाचा. आईनंच भरला.

"पाच पाच," कुणीतरी मागून म्हणालं.

मी मकुरिताकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्या पोराला हात लावशील तर बघ." आणि उठून गेली. मी त्या चौकोनाला हात लावला नाही. म्हातारे म्हणाले, सोमवारी ठरवू.

घरी आल्यावर नाबुरानं कोयता घेतला आणि माडावर चढला.

१६ मार्च

रविवार. चर्चमध्ये मकुरिता माझ्या शेजारी बसली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. बरोबर आहे तिचं.

मी काय केलं? चौकोन भरला म्हणून पोरगं मेलं का? नाही. पण मी ते आधी हातानं केलं आणि आता मन हाताच्या मागून चाललंय. सकाळी भात वाढताना त्याचं ताट घेतलं नाही. रोज घेत होते. ताट राहिल्याचं जेवून झाल्यावर लक्षात आलं. मग पोटभर रडले.

१७ मार्च

सकाळी मानेआबात गेले तर मकुरिता आधीच आमच्या खांबापाशी उभी. धाकटा बाहेर बोटीत जाळं भरत होता, इथून दिसत होता. ती त्याच्याकडे बघत होती, थोरल्याच्या चौकोनाकडे नाही.

"कोळसा दे," म्हणाली.

"मकुरिता, नको भरूस. पुढच्या जहाजानं येतील पेट्या."

"पुढच्या जहाजापर्यंत हा थांबणार आहे का घरी? दे म्हटलं ना."

नीट भरला तिनं. चारही कोपरे. माझ्यासारखा रेघेबाहेर गेला नाही. मग हात कपड्याला न पुसता तशीच बसली. मीही बसले तिच्याजवळ. कितीतरी वेळ कुणी आलं नाही.

सहा झाले. पेट्या आमच्या गावाला.

२ एप्रिल

पेट्या वाटल्या. मकुरिताचा धाकटा गळ्यात अडकवून मिरवतोय. पोरं त्याला चिडवतात, "काय रे, बायको केलीस का तिला, झोपतानासुद्धा काढत नाहीस?" मकुरिता हसली. मीही हसले.

पट्ट्या मानेआबात तशाच आहेत. काढायच्या कुणी, हे कुणालाच ठरवता येत नाही.

२० एप्रिल

नाबुरा आज माडावर गेला नाही.

११ मे

रेडिओवर निरोप. एका मासेमारी जहाजाला खूप दूर, पश्चिमेकडे आमच्या बेटाची बोट सापडली. इंजिन बंद. आत एक जण जिवंत. दुसरा आधीच गेला होता, त्यानंच त्याला पाण्यात सोडलं म्हणे. नाव विचारलं तर आवाज खरखरला आणि तुटला. उद्या पुन्हा बोलतील.

मकुरिता माझ्या घरी आली. चटई टाकली. दोघी बसलो. एकमेकींचा हात धरला होता, पण तोंडाकडे बघवत नव्हतं. ती काय मागतेय ते मला कळत होतं आणि मी काय मागतेय ते तिला. दोघींचंही मागणं देवाला पुरवता येणार नव्हतं. नाबुरा उठला, कोयता घेऊन माडाकडे गेला. तीन आठवडे न कापलेली पोय. तरी गेला.

१२ मे

बिरिबो.

मकुरिता ओला फडका घेऊन मानेआबात उभी होती, हात पुढे होईना तिचा. मीच घेतला. वरचा चौकोन पुसला. डाग थोडा राहिला. खालच्याला फडका लागू दिला नाही.