लॅकरखालची चमक

मंगळवार, संध्याकाळ. नरडाणा.

आज फार चिडचिड झाली. कोकणातल्या बोटवाल्यांनी आपल्या कारखान्यातला तांब्याचा पत्रा परत पाठवला. बोटीच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून दिलेला पत्रा, आणि त्याच्यावरच शिंपल्यांचा थर! ऑर्डर गेल्यातच जमा.

खोकं उघडताच कारण कळलं. पाठवण्याआधी नानाकाकांनी पत्र्याला पारदर्शक लॅकर मारून घेतलं होतं. मला न विचारता. त्यांचा जन्म धुळ्याला तांब्याची भांडी विकण्यात गेला. "काळं पडेल तांबं कोन लई? बठ्ठा गिऱ्हाईक पहिले चमक देखतस," म्हणे. अहो, पण हे काय भांडं आहे? तांबं कणाकणानं पाण्यात उतरतं, म्हणून तर त्याच्यावर शिंपले टिकत नाहीत. लॅकरखाली त्याला पाणी शिवलंच नाही. त्याची चमक जाऊ द्यायची, हे किती वेळा सांगितलं असेल मी? की मलाच नीट सांगता येत नाही?

शेवटी त्यांच्यासमोर बसून शिंपले खरवडले. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खाली लॅकर शाबूत आणि तांबं लखलखीत, इथून गेलं तसंच. वाटलं, आता तरी पटेल.

नानाकाकांनी पत्रा उजेडात धरला. चेहरा खुलला.

"देख, समुद्रमा ऱ्हाईसन बी कशी चमक शे!"

उद्या तो पत्रा त्यांच्या धुळ्याच्या भांड्यांच्या दुकानात दर्शनी काचेत लागणार. पुसून द्यायचं काम माझ्याकडे.