झोपलेल्या मेंढपाळाशेजारची जागा

८ डिसेंबर, रविवार दुपार

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. चिमणीला माझ्याकडून दोन पापे आणि आजोबांकडून एक. त्यांची दाढी टोचते म्हणून दुसरा तिला नकोच असतो.

शाळेत आमच्या सिस्टर शिकवायच्या, पत्रात आधी हवामान लिहावं, मग तब्येत, मग खरं काय ते. म्हणून आधी हवामान. थंडी पडली आहे. सकाळी खिडकीच्या काचेवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी वाफ धरते. तब्येत बरी. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, आणि हे जिना न चढताही कुरकुरतात.

तुझं पत्र मिळालं. यंदा नाताळला जमणार नाही, प्रयोगशाळेतून रजा मिळत नाही, असं लिहिलंस. बरं. नोकरी म्हटली की आलंच ते.

इकडे तयारी सुरू आहे. केकची फळं चिरून भिजत घातली. दिव्यांची माळ काढली, तर तिचा नेहमीसारखा गुंता. हे जमिनीवर मांडी ठोकून बसले आणि मलाच विचारतात, "गेल्या वर्षी ही गुंडाळली कुणी?"

"तुम्हीच."

"मग नीटच गुंडाळली असणार. पेटीत आपोआप गुंतली."

काल बाळ येशूच्या गव्हाणीची पेटी उघडली. आपल्याकडे गव्हाणीतली चित्रं कधी विकत आणली नाहीत. घरात जो येईल त्यानं आपल्या हातानं मातीचं एक काहीतरी करायचं, आणि ते कसंही झालं तरी त्याला जागा द्यायची. एकेक कागदातून सोडवत होते, तर तुझी कोंबडी निघाली. आठवतं? लग्नानंतरचा तुझा पहिला नाताळ. मी म्हटलं, "अगं, गव्हाणीत कोंबडी कुठून आली?" आणि तू नवी नवरी, मान खाली घालून, पण ठासून म्हणालीस, "आई, बाळंतिणीला अंडं नको का?" हे इतके हसले की चष्मा पडला. त्या दिवशी तू आमची झालीस. चोचीचा रंग उडाला होता, तो मी पुन्हा लावला. चिमणीचा उंट अजून खुर्चीसारखाच दिसतो.

आणि त्याचा मेंढपाळ. माझा लेक सात वर्षांचा होता तेव्हाचा. उभा म्हणून राहीना, सारखा तोंडावर पडायचा. शेवटी त्यानं तो आडवाच केला आणि आम्हाला दटावलं, "रात्रपाळी करून आलाय तो, झोपू द्या!" लेक गेल्यापासूनच्या तिन्ही नाताळांत मी नुसता कागद सोडवला; मेंढपाळ मांडलास तो तू. यंदा तो कितीतरी वेळ माझ्याच हातात राहिला.

आता तिसरं, खरं काय ते.

रजेचं मला खरं वाटलं नाही, सूनबाई. गेल्या आठवड्यात चिमणी फोनवर बोलून गेली. तिला रागावू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही, बापावर गेली आहे. म्हणाली, "आजी, काका मला सायकल शिकवतात. धरलंय म्हणून खोटं नाही सांगत. आधी विचारतात, सोडू का?" आणि मग हळूच, "मम्मा आणि काका लग्न करणार आहेत. पण मम्मा म्हणाली, आजीला एवढ्यात सांगू नको, तिला वाईट वाटेल."

वाटलं. खोटं कशाला लिहू? फोन ठेवला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली. मुलगा गेला, आता सूनही गेली. नात तेवढी सुट्टीपुरती येईल, मग तेही कमी होत जाईल. तुझा रागच आला, असं वाटलं गं. पण तो राग नव्हता, भीती होती, हे कळायला मला चार दिवस लागले.

यांना सांगायचा धीर होत नव्हता. काल मेंढपाळ हातात असतानाच सांगून टाकलं. हे उठले. चपला घातल्या आणि निघून गेले. दुखावले, असं मला वाटलं. संध्याकाळी परत आले ते वर्तमानपत्रात बांधलेली ओली माती घेऊन.

मी म्हटलं, "आपलं सगळ्यांचं करून झालंय. ही कुणाला?"

"येईल त्याला."

"आणि ते मांडायचं कुठे?"

त्यांनी माझ्या हातातून मेंढपाळ घेतला, गवतावर निजवला, आणि शेजारचं गवत बोटांनी सारखं केलं. "हा झोपलाय," म्हणाले. "मेंढरांकडे बघायला कुणीतरी जागं नको का?"

मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे होते. मी आत गेले नाही.

तर सांगायचं ते हे. माती वाळायला चार दिवस लागतात, रंग त्यानंतर. घाई केली की तडा जातो. म्हणून चोवीसला येऊन भागणार नाही. वीस तारखेला पोचा. तिघंही. चिमणीच्या काकांना सांग, हातात कला नसली तरी चालेल, आमच्याकडे खुर्चीसारखा उंट आहे. त्यांचा मेंढपाळ तेवढा उभा राहिला पाहिजे, ही यांची अट. आणि केकमधले बेदाणे त्यांना चालतात का, ते विचारून कळव.

यावंसं वाटत नसेल तर तसं लिही. मी समजून घेईन. रजेचं कारण मात्र देऊ नकोस.

गेली तीन वर्षं पाकिटावर तुझं नाव लिहिताना, 'सौ.' गाळायच्या जागी माझं पेन दर वेळी अडतं. आता ते अडायचं नाही, याचं मला बरंच वाटतंय. हे वाक्य लिहून पुन्हा वाचून पाहिलं. खरं आहे.

माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. वीस तारखेपर्यंत रोज सकाळी फडकं भिजवीन.

अजूनही तुझीच,
आई